घरटी एक गडी

शिरखार, ता. पेण
१४ नोव्हेंबर १९६१

दादा,

पत्राची सुरुवात खुशालीनं करायची असते म्हणून लिहिते, मी आणि मालू खुशाल आहोत. आता खरं सांगते. मी अजिबात खुशाल नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे आणि राग कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तुला लिहायला बसले.

तू रोह्याला वकिलांकडे इतकी वर्षं कारकुनी करतोस, तेव्हा कायद्याचं तुलाच विचारणार. पण आधी आमच्या खारेपाटातला कायदा समजून घे. तुम्ही डोंगराकडची भात आणि वाल पिकवणारी माणसं, तुम्हांला तो माहीत असण्याचं कारण नाही. लग्न होऊन इथे येईपर्यंत मलाही नव्हता.

आमची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतं, नाहीतर मासेच पिकले असते. तो बांध गावानं मिळून राखायचा, याला जोळ म्हणतात. भातकापणी झाली की गाव उघाडीपाशी जमतं. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. तिथे म्हातारे काळूबाबा उभे राहून जोळीचे नियम तोंडी म्हणतात. कुठे लिहिलेले नाहीत, त्यांच्या बापानं म्हटले तसे ते म्हणतात. पहिलाच नियम, ‘घरटी एक गडी.’ मग एकेका घराचं नाव पुकारतात आणि त्या घरचा गडी ‘हाय’ म्हणतो.

यंदा पुकारलं, ‘गोविंदाच्या घरचा गडी?’

हे श्रावणात गेले, तुला माहीतच आहे. घरात मी आणि सात वर्षांची मालू. मी म्हटलं, ‘हाय.’

सगळे हसले. काळूबाबा म्हणाले, ‘गो पुतळे, गडी इचारला, बाय नाय इचारली.’

यात नुसता अपमान असता तर गिळला असता. पण पुढचा नियम ऐक. ज्या घरात गडी नाही त्या घराच्या नावानं जो गडी पाठवील, त्यानं ते शेत कसायचं. काळूबाबांचं वाक्य पुरं होण्याआधी गुणाजी भावोजी उठले. ‘माज्या भावाच्या नावानं माजा थोरला येल.’ झालं. शिमग्याला जोळ उठते, तेव्हा ही बोली पक्की होईल आणि येत्या पावसात माझ्या शेतात भावोजींचा नांगर फिरेल. मला म्हणाले, ‘वैनी, पोटापुरता देव की तुमाला.’ माझ्याच शेतातलं भात, आणि मलाच पोटापुरतं!

दीड वर्षापूर्वी अख्खं राज्य बदललं, मुंबईचं महाराष्ट्र झालं. आणि जोळीतला एक शब्द बदलत नाही?

कायदा काय म्हणतो ते लवकर कळव. तोवर मी टोपली घेऊन बांधावर जाणार आहे. मोजोत की न मोजोत.

तुझी पुतळी


रोहे
२१ नोव्हेंबर १९६१

चि. पुतळी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुझा स्वभाव लहानपणापासून तिखट, त्यात खारं पाणी मिसळलं आहे. असो.

मी साहेबांच्या टेबलावरचं पुस्तक उघडून पाहिलं. तुला आनंद होईल अशी गोष्ट सापडली. सरकारी कायद्यांचे अर्थ कसे लावायचे, याचाही एक कायदा असतो. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश होतो. कायद्यात ‘तो’ लिहिलं असेल तरी ‘ती’ त्यात आलीच, संदर्भ अगदीच विरुद्ध नसेल तर. म्हणजे गडी या शब्दात तूही येतेस. काळूबाबांना हे शांतपणे समजावून सांग. म्हातारा माणूस आहे, मान देऊन बोल.

आता थोरल्या भावाच्या नात्यानं दोन शब्द. गुणाजी माणूस वाईट नाही. परवा तो रोह्याच्या बाजारात भेटला, तुझी काळजी करत होता. बाईमाणसानं कंबरभर चिखलात उभं राहायचं, लोक काय म्हणतील? त्यापेक्षा तू मालूला घेऊन इकडे ये. वरसे गावी आपल्या घरात एक खोली रिकामी आहे. शेत गुणाजी बघेल, वर्षाचं भात पोचवील. नीट विचार कर.

तुझा दादा, दत्तात्रेय


शिरखार
३० नोव्हेंबर १९६१

दादा,

तुझा कायदा मी बांधावर नेला. सगळ्यांनी मिळून त्याला चिखलात बसवला.

मी मान देऊन, हात जोडून म्हटलं, ‘काळूबाबा, सरकारच्या कायद्यात गडी म्हटलं की बाईपण आली.’ म्हाताऱ्यानं फावडं टेकवलं, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘व्हय? मंग तुज्या सरकारच्या कायद्यान गडी बालंत पन व्हतो काय गो?’

बांधभर हशा पिकला. हैबतरावांची बायको हौसा भाकऱ्या घेऊन आली होती, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मलाही क्षणभर हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण त्या हशात माझं शेत चाललं होतं.

मी रोज जाते. टोपलीभर चिखल उचलते, बांधावर टाकते, पायानं दाबते, वर पेंढा पसरते. संध्याकाळी काळूबाबा घरं मोजतात, तेव्हा गोविंदाच्या घराला भावोजींचा थोरला ‘हाय’ म्हणतो. मी शेजारी उभी असते. माझ्या अंगावरचा चिखल त्याच्यापेक्षा जास्त असतो.

इंदुबाई म्हणून आमच्या आळीत सर्वांत म्हातारी बाई आहे. तिनं मला एक गोष्ट सांगितली. ज्या घरात मयत झालं त्याला सुतकभर जोळ माफ, हा नियम पूर्वी नव्हता. काळूबाबांचे वडील ऐन जोळीत वारले, तेव्हा तो घातला. म्हणजे नियम बदलतात! ज्याच्या पायात काटा मोडतो त्याच्यासाठी बदलतात. मी हे काळूबाबांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, ‘तो मी नाय केला. जोळीनं केला.’

‘जोळ म्हणजे कोण?’

‘घरटी एक गडी.’

बघ कसं आहे ते. शब्द बदलायचा तर जोळीत बसायला हवं, आणि जोळीत बसायचं तर शब्द बदलायला हवा. ज्यानं कुणी ही गाठ मारली त्याला दंडवत.

वरशाची खोली वहिनीला वाल वाळत घालायला ठेव. मी येणार नाही. आणि भावोजी माझी काळजी करत होते म्हणतोस, त्यांना म्हणावं, काळजी करायला शेत लागत नाही.

पुतळी


रोहे
२८ डिसेंबर १९६१

चि. पुतळी,

आशीर्वाद. हे पत्र नीट बसून वाच, कारण बातमी मोठी आहे.

तुझं मागचं पत्र वाचून मला राहवलं नाही. तुला न सांगता मी तुझ्या वतीनं वरच्या कचेरीत अर्ज केला. त्याचं उत्तर आलं. त्यातली भाषा जशीच्या तशी उतरवतो: ‘सदर बांध शासनाच्या योजनेत समाविष्ट असल्याने त्याच्या देखभालीची जबाबदारी शासनाची राहील. जोळ नामक रूढीस कायद्याचे बळ नाही. सबब त्याकामी कोणावरही सक्ती करता येणार नाही.’

समजलं का? जोळच कायद्यात बसत नाही! मग गडी पाठवण्याचा नियम कुठला आणि शेत कसण्याचा कुठला? एका फटक्यात सगळं साफ. तू मोकळी झालीस. आता टोपली फेकून दे आणि घरात स्वस्थ बस. उत्तराची एक प्रत तुमच्या गावीही रवाना झाली आहे.

मी दिवसभर दुसऱ्यांच्या दाव्यांच्या नकला करतो. आज पहिल्यांदा आपल्या माणसासाठी काही जिंकलो असं वाटलं. साहेबांनीही शाबासकी दिली.

तुझा दादा


शिरखार
६ जानेवारी १९६२

दादा,

टोपली फेकली नाही, आणि तुला शाबासकीही देणार नाही. तू हे काय करून ठेवलंस?

कोतवालानं कागद उघाडीपाशी वाचून दाखवला. ‘कोणावरही सक्ती करता येणार नाही’ एवढंच लोकांनी ऐकलं. फावडी तिथेच टाकून निम्मी जोळ उठली. पहिले उठले गुणाजी भावोजी. ‘सरकार बघेल,’ म्हणाले आणि थोरल्याला घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आणखी गेले. आता बांधावर काळूबाबा, त्यांच्या वयाची चार माणसं आणि मी. बाकी गाव सरकारची वाट बघत ओट्यावर बसलं आहे.

आणि गावात नाव कुणाचं झालं? माझं. ‘गोविंदाच्या बायकोनं जोळ मोडली.’ हौसा पाण्यावर भेटली तर मान फिरवून गेली. काळूबाबा मला शिव्या देतील असं वाटलं होतं. पण ते नुसते उघाडीवर बसून खाडीकडे बघत होते. त्या म्हाताऱ्याला तसं बसलेलं बघून मला रडू आलं.

दादा, तुला मी काय मागितलं होतं? एक शब्द बदलून मागितला होता. तू अख्खी जोळ काढून टाकलीस. मला मोकळं व्हायचं नव्हतं रे, मला मोजून घ्यायचं होतं. ज्या पंगतीत मला पान मांडून हवं होतं ती पंगतच तू उठवलीस, आणि वर म्हणतोस, आता तुला कुणी वाढायला नकार देणार नाही!

शेतही वाचलं नाही, ते वेगळंच. भावोजी म्हणतात, जोळ गेली तरी बोली झालेली आहे, नांगर मीच घालणार. आणि सरकार कधी येणार ते मला ठाऊक नाही. भरती मात्र रोज दोनदा येते, ती तुझं उत्तर वाचत नाही.

यापुढे माझ्या वतीनं अर्ज करायचा तर आधी मला विचार.

पुतळी


वरसे, रोहे
१९ फेब्रुवारी १९६२

प्रिय पुतळी वन्सं,

हे पत्र सगुणेचं, तुमच्या भावाचं नव्हे. ते तुम्हांला लिहायला धजत नाहीत. कागद घेऊन बसतात, ‘चि. पुतळी’ लिहितात आणि फाडतात. पोस्टाला आमच्याकडून पैही मिळत नाही, पण वाण्याचे कागद संपले.

त्यांचं मन वाईट नाही हे तुम्हांला मी काय सांगू? त्यांना वाटतं, जे छापलेलं असतं ते खरं आणि जे तोंडी असतं ते गावठी. मी त्यांना म्हटलं, लग्नात तुम्ही मला दिलेलं वचनही तोंडीच होतं, तेही कायद्यात बसत नाही का?

आता दर रजेला एसटीनं पेणला जातात आणि विचारतात, बांधाचं काम कधी? एकदा म्हणाले, नकाशा वर गेला आहे. एकदा म्हणाले, मंजुरी खाली यायची आहे. परवा म्हणाले, निवडणुकीनंतर बघू. नकाशा वर जातो, मंजुरी खाली येत नाही, असं आमचं चाललं आहे. घरी येऊन जेवत नाहीत धड.

मी मात्र तुमच्या बाजूची. शेत सोडू नका. मालूला वालाच्या डाळीचा डबा पाठवते आहे.

तुमची वहिनी, सगुणा


शिरखार
२६ मार्च १९६२

दादा,

हात सोलवटले आहेत, अक्षर वाकडं येईल. राग संपला नाही, पण आज तो बाजूला ठेवते, कारण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शिमग्याच्या पुनवेला उधाणाची भरती आली आणि बांधाला खांड पडली. उघाडीच्या पलीकडे, जिथे यंदा जोळीनं हात लावला नव्हता, तिथेच. माणूस आडवा झोपेल एवढी जागा फुटली आणि खारं पाणी घुसलं ते थेट माझ्या खालच्या तुकड्यात.

गडी कुठे होते? निम्मे मिठागरावर, कारण जोळ नाही म्हणून ते मजुरीला गेलेले. काही सोंगांच्या तयारीत गुंतलेले. आणि गुणाजी भावोजी, हे तू बसून वाच, पेणला गेले होते. बांध दुरुस्त करावा म्हणून अर्ज द्यायला!

मी टोपली घेऊन पळाले. पळताना आळीतून ओरडत गेले, ‘खांड गेली गो, खांड!’ वळून पाहिलं तर मागून हौसा येत होती. चौथा महिना चालू आहे तिला, तरी फावडं खांद्यावर. मग एकेक करून सगळ्या घरांतल्या बाया बाहेर पडल्या. इंदुबाई पेंढ्याचा भारा फरफटत घेऊन आली. भिजलेल्या लुगड्यांचे काचे मारून आम्ही खांडीत उतरलो. पाणी छातीला लागत होतं, टाकलेला चिखल वाहून जात होता. खंड न पडता एकीमागे एक टोपली पडल्याशिवाय काही टिकणार नव्हतं.

काळूबाबा धापा टाकत बांधावर येऊन उभे राहिले. टोपल्या ओळीनं पडायच्या तर कुणीतरी हाळी द्यायला हवी, आणि त्यांना एकच हाळी माहीत. सवयीनं पुकारा केला, ‘हैबतरावाच्या घरचा गडी?’

हौसा ओरडली, ‘हाय!’ आणि टोपली टाकली.

म्हातारा दचकला, पण थांबला नाही. पुढचं घर पुकारलं. बाईचा आवाज आला, ‘हाय!’ पुढचं. ‘हाय!’ एकेका घराला बाईचा आवाज आणि एकेका आवाजाला टोपली. शेवटी माझं घर आलं. ‘गोविंदाच्या घरचा...’ म्हणून काळूबाबा अडखळले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘गोविंदाच्या घरचा माणूस?’

‘हाय!’ मी एवढ्या जोरात ओरडले की घसा बसला तो अजून उठला नाही.

ओहोटी लागली आणि खांड बुजली. दुसऱ्या दिवशी गडी परतले, तेव्हा काळूबाबांनी बांधावरच जोळ बसवली. एका गड्यानं विचारलं, या बाया इथे कशाला? मी उठले. म्हटलं, ‘कागद आला तेव्हा तुम्ही फावडी टाकलीत. काल ज्यांनी उचलली ती जोळ. तुम्हांला बसायचं असेल तर बसा, आमची ना नाही.’ आणि हेही म्हटलं की गेल्या महिन्यात मतं दिली, तेव्हा माझ्याही बोटाला शाई लागली. दिल्लीचं सरकार निवडायला चालते, तर चार टोपल्या चिखलाला का चालत नाही? हैबतराव सगळ्यांत आधी हसले. बायकोकडे बघून म्हणाले, ‘माज्या घरचा तर काल हिनंच हाय म्हनला.’

शब्द बदलला, दादा. घरटी एक माणूस. भावोजींनी खूप कुरकुर केली, पण काळूबाबा म्हणाले, ‘गोविंदाच्या घरान माणूस हाय. तुजा नांगर तुज्या शेतान घाल.’

खालच्या तुकड्यात यंदा भात येणार नाही. पावसानं मीठ धुऊन निघेपर्यंत तो पांढराच राहील. पण तो पांढरा तुकडा माझा आहे.

पुतळी


रोहे
२ एप्रिल १९६२

चि. पुतळी,

तुझं पत्र सगुणेनं मोठ्यानं वाचलं, मी ऐकलं. ‘हाय’ आलं की तीही ओरडत होती. शेजारचे बघायला आले.

मी चुकलो. मला वाटलं होतं, कायदा वरून खाली येतो. तो चिखलातून वर येतानाही बघायला मिळाला, तोही माझ्या बहिणीच्या टोपलीतून. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे आधी लिहायला हवं होतं, पण मला अर्जाचीच भाषा येते.

एक गोष्ट मात्र कारकून म्हणून सांगतो, रागावू नकोस. कायद्यात एका जागी शब्द बदलला की तो शब्द आणखी कुठे कुठे बसला आहे ते शोधावं लागतं. न शोधलं तर पुढच्या दारानं हाकललेला जुना कायदा मागच्या दारानं घरात येऊन बसतो. यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं दावे चालतात. पुढच्या वेळी काळूबाबा नियम म्हणतील तेव्हा कान उघडे ठेव.

यावेळी तुला विचारूनच विचारतो. जोळीला पुढच्या हंगामात मी आलो तर चालेल का? गडी म्हणून नव्हे. भाकऱ्या घेऊन.

तुझा दादा


शिरखार
१८ नोव्हेंबर १९६२

दादा,

आधी तुझ्या भाकऱ्यांबद्दल. जाड होत्या, एक करपली होती, पण बांधावर बसून सगळ्यांनी खाल्ल्या. तू दुपारच्या एसटीनं गेलास आणि खरी मजा त्यानंतर झाली. तुझे कान कुठे असतील तिथे लाल झाले असतील.

सकाळी तू ऐकलंसच, काळूबाबांनी पहिला नियम म्हटला, ‘घरटी एक माणूस.’ तू टाळ्या वाजवल्यास, जोळीत टाळ्या वाजवत नाहीत हे तुला कुणी सांगावं! संध्याकाळी उघाडी उघडली, आतल्या पाण्यातली मासळी जाळ्यात आली. तिचे वाटे जोळीतल्या घरांना मिळतात. काळूबाबांनी त्याचा नियम म्हटला, ‘उघाडीची मासळी, गड्याला एक वाटा.’

मी कान उघडेच ठेवले होते. ‘थांबा,’ म्हटलं.

‘आता काय गो?’

‘चिखल उचलायला माणूस आणि मासळी खायला गडी?’

गुणाजी भावोजींना तेवढंच हवं होतं. म्हणाले, ‘कामाचा शब्द बदलला, वाट्याचा नाय बदलला. ज्या घरची बाय आली त्याला वाटा नाय.’ चारदोन माना डोलल्या. यंदा निम्म्याहून जास्त घरांतून बाया आल्या होत्या, म्हणजे मासळी केवढी उरली असती ते बघ.

मी म्हटलं, ‘मग हाही शब्द बदला.’ काळूबाबा वैतागले. म्हातारा दिवसभर उन्हात उभा होता. ‘दर वेलंला शब्द बदलायचा काय? राहूंदे गडी. तुज्या सरकारच्या कायद्यान गडी म्हटला की बाय आली ना? तसा धर.’

‘धरते,’ मी म्हटलं. ‘पण गेल्या वर्षी तुम्ही मला एक विचारलं होतं. सगळे हसले होते. त्याचं उत्तर राहिलं आहे.’

मी काही बोलण्याआधी मागून हौसा उठली. सकाळपासून ती बांधावर होती. तिचं भाद्रपदात झालेलं मूल पेंढ्यावर झोपवलेलं होतं, ते तिनं उचललं, चिखलाच्या हातांनीच कमरेवर घेतलं आणि गड्यांच्या मधून थेट काळूबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

‘व्हतो, काळूबाबा,’ ती म्हणाली. ‘गडी बालंत पन व्हतो. ह्यो बगा. आता माजा वाटा काडा.’

आधी हैबतराव हसले, आणि काळूबाबांचा बोळका जबडा हलायला लागला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून त्यांनी पाटीतला सगळ्यांत मोठा जिताडा उचलला आणि हौसाच्या टोपलीत टाकला. मग उरलेले वाटे काढायला पाटी माझ्याकडे सरकवली. भावोजी त्यानंतर बराच वेळ आपलं फावडं धूत होते.

जोळीच्या नियमांत ‘गडी’ अजून दोन ठिकाणी बसला आहे, मी ऐकून ठेवलं आहे. घाई नाही. बांध दरवर्षी घालावा लागतो, तसंच हेही.

पुढच्या वेळी भाकऱ्या पातळ कर.

तुझी बहीण
पुतळी
गडी, शिरखारची जोळ